डाळमिलचं कर्ज रिस्ट्रक्चर करून देतो म्हणणारा कन्सल्टंट आधी ३ लाख मागायलाय, द्यावे का?

लातूरचा_डाळवाला

नमस्कार मंडळी. लातूर एमआयडीसीत आमची डाळमिल आहे, प्रायव्हेट लिमिटेड, मी आन मोठा भाऊ डायरेक्टर. सरकारी बँकेत ५ कोटीची सीसी (कॅश क्रेडिट, मालाच्या तारणावरचं खेळतं कर्ज) आणि डाळ निवडायचं सॉर्टेक्स मशीन, शेड मिळून टर्म लोन, त्यातलं २ कोटी २० लाख बाकी. तूर दहा हजाराच्या वर होती तेव्हा गोदाम भरलं, तेव्हा सगळेच भरत होते, मग नवा माल निघाला, बाहेरची तूर बिनड्युटीची बंदरावर उतरतच होती आणि भाव सात हजाराच्या आसपास येऊन बसला. विकावं तर घाटा, ठेवावं तर व्याज. त्यात हैदराबाद साइडच्या दोन पार्ट्यांकडं पैसे अडकलेत. आता सीसी डीपीच्या (ड्रॉइंग पॉवर, मालाच्या किमतीवरून ठरणारी उचलायची मर्यादा) वर गेलीय, टर्म लोनचा हप्ता थकलाय, मॅनेजर रोज फोन करायलेत, तुमचं खातं एसएमए वनला (बुडीत व्हायच्या आधीची धोक्याची पायरी) आलंय म्हणून.

कुणीतरी पुण्याच्या एका कन्सल्टंटची गाठ घालून दिली. डेट रिस्ट्रक्चरिंग अॅडव्हायझर म्हणून कार्ड आहे. हॉटेलात भेटला, गोड बोलला. म्हणतो सगळं लोन नव्यानं बांधून देतो, २ वर्षं हप्ता नाही, खातं स्टँडर्डच (म्हणजे चांगलंच) राहील, सिबिलला धक्का लागणार नाही, झोनल ऑफिसपर्यंत आपली ओळख आहे. आधी ३ लाख, काम झाल्यावर एकूण कर्जाच्या २ टक्के. बँक लईच आडून बसली तर दुसऱ्या बँकेत गुपचूप खातं फिरवू म्हणाला.

असं खरंच होतं का? मोठ्या कंपन्यांची रिस्ट्रक्चरिंग पेपरात वाचतो, आपल्यासारख्याला बँक करून देते का? आन द्यायचं असलं तर असल्या माणसाला पैसे द्यावे का नको? भाऊ म्हणतो देऊन टाक, मला झोप लागंना झालीय.

क्रेडिटवाला_रिटायर्ड

भाऊ, मी सरकारी बँकेत क्रेडिट खात्यातच जन्म काढला, परभणी नांदेड लातूर सगळीकडं. आधी तुमचं दुखणं नीट समजून घ्या, कारण ते कन्सल्टंटला समजलंय असं तुमच्या लिहिण्यावरून वाटत नाही. समजा गोदामात दहा हजाराच्या भावानं ६ कोटींचा माल होता, २५ टक्के मार्जिन सोडून डीपी साडेचार कोटी बसली आणि तेवढे पैसे तुम्ही उचलले. भाव सात हजारावर आला, पोतं एकही हललं नाही पण माल झाला ४ कोटी २० लाखांचा आणि डीपी ३ कोटी १५ लाख. म्हणजे तुम्ही काही न करता १ कोटी ३५ लाखानं ओव्हर झालात. त्यातून अडत्यांची देणी वजा केली तर अजून खाली. सीसी ९० दिवस सलग डीपीच्या वर राहिली की खातं एनपीए (बुडीत), मग मॅनेजर तुमचा साडू असला तरी काही करू शकत नाही, सिस्टीमच मार्क करते. एसएमए वन म्हणजे थकून ३१ ते ६० दिवस, टू म्हणजे ६१ ते ९०. तुमच्याकडं महिना दीड महिना आहे, तो त्या माणसाच्या मागं घालवू नका.

आता तुमचा प्रश्न, आपल्यासारख्याला करून देतात का. देतात. २५ कोटीपर्यंतच्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कर्जासाठी रिझर्व्ह बँकेचं मार्च २०१६ चं फ्रेमवर्क आहे, त्याच्या आदल्या वर्षी एमएसएमई मंत्रालयाची अधिसूचना निघालेली. त्यात खातं एनपीए व्हायच्या आधी तुम्ही स्वतः अर्ज करू शकता. १० लाखाच्या वरचा अर्ज शाखेनं कमिटीकडं पाठवायचा असतो, कमिटीत बँकेचे वरिष्ठ, बाहेरचा एक जाणकार आणि राज्य सरकारचा माणूस. कमिटीपुढं तीन वाटा असतात, खातं सुरळीत करायला वेळ द्यायचा, नाहीतर रिस्ट्रक्चर, नाहीतर वसुली. ऑगस्ट २०२४ मध्ये प्रो निट्सच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हे फ्रेमवर्क बँकांना पाळावंच लागतं, पण त्याच निकालात हेही आहे की उद्योजकानं आपण एमएसएमई आहोत हे वेळेत कागदासकट सांगायला पाहिजे. वसुलीची सगळी कारवाई होईपर्यंत गप्प बसायचं आणि शेवटी उठून फ्रेमवर्क फ्रेमवर्क करायचं हे चालणार नाही. तेव्हा उद्याच्या उद्या उद्यम सर्टिफिकेट (एमएसएमई नोंदणीचं) लावून लेखी अर्ज द्या आणि आवक शिक्का मारलेली प्रत घरी ठेवा. मॅनेजरला तोंडी सांगितलेलं बदलीबरोबर जातं.

रिस्ट्रक्चर झालं तर साधारण असं होतं, डीपीच्या वरचा जो अडकलेला भाग आहे तो सीसीतून काढून त्याचं वेगळं टर्म लोन करतात, त्याला डब्ल्यूसीटीएल म्हणतात, थकलेल्या व्याजाचं पण वेगळं कर्ज, म्हणजे एफआयटीएल करतात आणि जुन्या टर्म लोनची मुदत वाढवतात. व्याज माफ होत नाही, मुद्दल माफ होत नाही, फक्त श्वास घ्यायला वेळ मिळतो. आणि प्रमोटरनं काहीतरी स्वतःचं आणावं लागतं, नुसतं बँकेनंच सोसायचं असं नसतं.

सीए_जालना

काकांनी सगळं सांगितलंय, मी फक्त त्या कन्सल्टंटच्या वाक्यांचं ऑडिट करतो 😄

"खातं स्टँडर्ड राहील" ही थाप. एमएसएमईचं खातं स्टँडर्ड ठेवून रिस्ट्रक्चर करायची सवलत होती, जानेवारी २०१९ ला सुरू झाली, पुढं वाढवली, मग कोविडची मे २०२१ वाली ५० कोटीपर्यंतची. त्या खिडक्या कधीच बंद झाल्या. आता जून २०१९ च्या नियमानं रिस्ट्रक्चर केलं की स्टँडर्ड खातंसुद्धा लगेच सबस्टँडर्ड होतं, म्हणजे एनपीएच. पुढं साधारण वर्षभर सगळं वेळेवर भरलं की परत वर येतं. आणि बँक का नाक मुरडते तेही बघा की, स्टँडर्ड सूक्ष्म-लघु उद्योगाच्या कर्जावर तिला पाव टक्का तरतूद करावी लागते, सबस्टँडर्ड झालं की १५ टक्के. तुमच्या सव्वासात कोटीवर १ कोटीच्या वर पैसे बाजूला काढायचे, कोणता झोनल मॅनेजर हसत करेल? म्हणून तुम्हाला खरंतर रिस्ट्रक्चरच्या आधीची वाट बघायला पाहिजे, ती पहिली, सुरळीत करायला वेळ मागायची. हैदराबादचे पैसे आले, थोडा माल घाट्यात काढला, एखादा प्लॉट विकला तर एनपीएचा शिक्काच बसत नाही.

"दुसऱ्या बँकेत गुपचूप फिरवू" ही दुसरी थाप. ५ कोटी आणि वरच्या कर्जदाराची एसएमएची माहिती रिझर्व्ह बँकेच्या क्रिल्क नावाच्या यंत्रणेत जाते, नवी बँक पहिल्यांदा तेच उघडते. गुपचूप काही नसतं.

"वरपर्यंत ओळख आहे" यावर काय बोलावं.

आता खरा अॅडव्हायझर काय करतो ते सांगतो, कारण हे काम करणारे चांगले लोकपण आहेत आणि मोठ्या खात्यात त्यांच्याशिवाय हलत नाही. तिथं तर १०० कोटीच्या वर स्वतंत्र रेटिंग एजन्सीचा अभिप्राय लागतो, जास्त बँका असतील तर ७५ टक्के रकमेच्या आणि ६० टक्के संख्येच्या बँकांनी हो म्हणावं लागतं, ते सगळं जुळवणं एका माणसाचं काम नाही. तुमचं एकाच बँकेचं, छोटं. इथं अॅडव्हायझरचं काम म्हणजे पुढच्या ३-५ वर्षांचा महिनेवार कॅश फ्लो, आणि तो तुमच्या मिलचा, दुसऱ्याच्या फाइलमधून कॉपी मारलेला नाही. पहिल्या भेटीत त्यानं तुम्हाला उतारा किती पडतो, क्विंटलला ७० किलो डाळ निघते का ७२, चुरी काय भावानं जाते, लाइट बिल किती, सीझनला किती टन फिरतं, पार्टी किती दिवसांनी पैसे देते हे विचारलं का? नसेल विचारलं तर तो तुमच्या मिलचं रिस्ट्रक्चरिंग करत नाही, तुमच्या खिशाचं करायलाय. त्या कॅश फ्लोमधून डीएससीआर (हप्ते-व्याजाच्या किती पट कमाई आहे ते) निघतो, बँकेचा टीईव्ही (धंदा चालेल का याची तपासणी) करणारा माणूस येऊन तोच कॅश फ्लो चाळतो, त्याची फी पण तुम्हीच भरायची असते बरं का, आणि आकडे फुगवलेले असले की तिथंच फाइल झोपते.

अजून एक. "रिस्ट्रक्चरिंग कन्सल्टंट" म्हणून कार्ड छापायला कुठलंही लायसन लागत नाही. इन्सॉल्व्हन्सी प्रोफेशनल (दिवाळखोरीची प्रकरणं हाताळणारा) असेल तर त्याची आयबीबीआय या सरकारी मंडळाकडं नोंद असते, वेबसाइटवर नाव बघता येतं. ती नोंद असली म्हणजे तो हुशार असं नाही, पण निदान तक्रार कुठं करायची ते माहीत असतं. फी द्यायचीच तर लेखी, टप्प्याटप्प्यानं, कोणतं काम झालं की किती. ३ लाख आधी आणि कागद काहीच नाही असं असेल तर हात जोडा.

लातूरचा_डाळवाला

लई उपकार तुमचे. उतारा बितारा काहीच विचारलं नाही त्यानं, फक्त गोदाम किती स्क्वेअर फूट आन जागा कुणाच्या नावावर हे विचारलं. एक राहिलं, तो म्हणायलाय की बँकेला जादा तारण दाखवलं की काम लवकर होतं, वडिलांच्या नावावर औशाकडं बागायती ८ एकर आहे ती लावा. आन गॅरंटर म्हणून बायको आधीच आहे कागदावर, वडिलांना पण घ्या म्हणतो.

मानवतची_ताई

दादा, थांबा. आमची जिनिंग आहे, हिशेब मीच बघते, आमच्याही घरी ही वेळ येऊन गेली, म्हणून हक्कानं लिहिते.

वडिलांची सही घेऊ नका. मागतील तरी नाही म्हणा, आधी मिल, मशीन, माल, येणी हे सगळं तारण आहेच ना बँकेकडं. शेतजमिनीचं असं आहे की सरफेसी कायद्याच्या (बँकेला कोर्टाविना तारणाचा ताबा घेऊ देणारा) कलम ३१ मध्ये शेतजमीन वगळलेली आहे, म्हणजे बँक १३(२) ची ६० दिवसांची नोटीस काढून थेट ताबा घेईल तसं शेतीचं करता येत नाही, पण जमीन कागदावर आणि प्रत्यक्षात पण शेतीच असली पाहिजे. एनए केली की ते संरक्षण गेलं. आणि संरक्षण म्हणजे कायमचं पण नाही, डीआरटीतून (कर्जवसुली न्यायाधिकरण) वसुलीचा दाखला घेऊन येणं बँकेला जमतंच, आपल्याकडचं डीआरटी छत्रपती संभाजीनगरला बसतं. पण वडील गॅरंटरच नसतील तर त्यांच्या आठ एकराचा प्रश्नच येत नाही. तुम्ही सही घेतली की तुम्ही स्वतः दार उघडून दिलं.

वैयक्तिक गॅरंटीला लोक हलक्यात घेतात. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड आहे म्हणजे आपण वेगळे, असं नवऱ्यालोकांना वाटतं आणि घरातल्या बाईची सही चहाच्या कपाशेजारी कागद ठेवून घेतात. डिसेंबर २०१९ पासून कंपनीच्या गॅरंटरवर पण दिवाळखोरी कायद्यात केस करता येते आणि २०२१ ला सुप्रीम कोर्टानं ते बरोबर ठरवलं, शिवाय कंपनीचा दिवाळखोरीतला तोडग्याचा प्लॅन मंजूर झाला तरी गॅरंटर आपोआप सुटत नाही हेही त्यातच सांगितलं. वहिनींना हे माहीत आहे का? नसेल तर आज सांगा, नोटीस आल्यावर नको.

रिस्ट्रक्चरचं सँक्शन लेटर आलं की त्यातली गॅरंटीची ओळ आधी वाचा, व्याजदराची नंतर.

मोंढ्यावरचा

ओ सीए सायेब आन काका, तुमचं सगळं बरोबर पण मी उलटं बोलणार हाय. रिस्ट्रक्चर म्हणजे काय, आजचं मरण उद्यावर. तूर परत दहा हजाराला जाईल म्हणून माल धरून बसलेले लई बघितले मोंढ्यात, व्याज चालूच राहतंय, पोत्याला किडा लागतोय. भावा, अर्धा माल काढ, सॉर्टेक्स काढ, बँकेला एकरकमी ओटीएस दे, म्हणजे कमी रकमेत एकदाच मिटव, आन मोकळा हो. मोठ्यांचं बघा, व्हिडिओकॉन आपल्या चितेगावचंच ना, ६४ हजार कोटीच्या वर देणं आन दिवाळखोरीत प्लॅन मंजूर झाला २,९६२ कोटीचा. त्यांना ९५ टक्के माफ होतंय तर तुझं ५० टक्के का नाही?

सीए_जालना

मालक, व्हिडिओकॉनचं उदाहरण उलट्या बाजूनं बघा. जून २०२१ मध्ये एनसीएलटी (कंपनी कायदा न्यायाधिकरण) मुंबईनं तो प्लॅन मंजूर करतानाच नाराजी लिहिली होती, माल पुरवणाऱ्यांच्या वाट्याला तर रुपयातला पैसासुद्धा धड येत नव्हता, त्यांना ९९.२८ टक्के कात्री. त्याला हेअरकट म्हणावं का मुंडन असा शब्द खुद्द आदेशात आहे. पुढं जानेवारी २०२२ ला एनसीएलएटीनं (अपिलाचं वरचं न्यायाधिकरण) तो प्लॅन रद्दच केला. आणि त्या प्लॅनमध्ये कंपनी जुन्या मालकाला परत मिळत नव्हती, दुसऱ्याच्या हातात जात होती. मोठ्यांना माफ होतं असं म्हणतो आपण, प्रत्यक्षात कंपनी जाते आणि पुरवठादार मरतो. तुमच्या मोंढ्याची भाषा वापरायची तर तिथं अडत्या बुडाला.

ओटीएस म्हणाल तर तो हक्क नाही. डिसेंबर २०२१ ला सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलंय, बँकेनं ओटीएस द्यावा असा आदेश कर्जदार मागू शकत नाही. आणि चांगलं तारण असलेल्या, अजून एनपीए पण न झालेल्या खात्याला बँक ५० टक्के का सोडेल, ती मिल लिलावात काढेल ना. शिवाय सेटलमेंट केली की सिबिलवर तो शेरा राहतो आणि त्या बँकेत निदान १२ महिने नवं कर्ज नाही.

पण तुमचं एक वाक्य शंभर टक्के पटलं, अर्धा माल काढा. सात हजारावर धरलेला माल हा कॅश फ्लोमधला सगळ्यात मोठा खड्डा आहे, कोणताही बँकर तेच विचारणार, विकत का नाही?

क्रेडिटवाला_रिटायर्ड

मोंढेवाल्यांच्या बोलण्यात दम आहे, मी पण अशी खाती बघितली की ज्यांना रिस्ट्रक्चर द्यायलाच नको होतं, मिल चालतच नव्हती आणि कागदावर डीएससीआर दीडचा. फरक एवढाच बघायचा, धंदा चालू ठेवला तर रोजच्या खर्चानंतर चार पैसे उरतात का. दळणात पैसे सुटत असतील आणि फक्त साठ्यात मार बसला असेल तर रिस्ट्रक्चरला अर्थ आहे. दळणातच तोटा असेल तर मुदत वाढवून व्याजच वाढतं.

आणि कुणीतरी प्री-पॅक (बँकेशी आधी ठरवून केलेला तोडगा) म्हणेल म्हणून आधीच सांगतो, २०२१ पासून एमएसएमईला दिवाळखोरी कायद्यात ती सोय आहे, १० लाखाच्या थकबाकीपासून, १२० दिवसांत उरकायचं, मॅनेजमेंट मालकाकडंच राहतं. वाचायला छान आहे, पण बँकेच्या ६६ टक्के मतांची संमती आधी लागते, तुमची एकच बँक म्हणजे तिची हो किंवा नाही, आणि फेऱ्या मुंबईच्या एनसीएलटीला. फार थोड्या कंपन्यांनी वापरलंय. जी बँक ते द्यायला तयार आहे ती साधं रिस्ट्रक्चरपण देईल, मग मुंबई कशाला.

लातूरचा_डाळवाला

अपडेट. ब्रँचला अर्ज दिला, उद्यम, जीएसटी रिटर्न, स्टॉक स्टेटमेंट सगळं जोडून. मॅनेजर आधी म्हणले असला काही फॉर्म नसतो, मग मार्च २०१६ च्या सर्क्युलरची प्रिंट दाखवली तर शिक्का मारून दिला. आमच्या सीएसोबत बसून दळणाचा वेगळा हिशेब काढला, साठ्याचा घाटा बाजूला ठेवला तर क्विंटलमागं थोडे पैसे सुटतात, म्हणजे मिल मेलेली नाही. तिसरा भाग माल काढायला घेतलाय. वडिलांचं नाव कुठंच नाही, बायकोला सगळं सांगितलं, दोन दिवस बोलली नाही. पुण्यावाल्याला नाही म्हणालो तर म्हणतो मग दीड लाखात करू 😅

आता अडत्यांचं काय करू? चार जणांचं देणं आहे, त्यांना बँकेचं कळलं तर एकदम दारात येतील.

मोंढ्यावरचा

कळलंच असंल, मोंढ्यात भिंतीला कान हायत. तुम्ही स्वतः चौघांला एका दिवशी बोलवा, खरं सांगा, दर पंधरवड्याला थोडं थोडं आन सगळ्यांना सारख्या हिशेबानं. एकाला गुपचूप जास्त दिलं की बोभाटा झालाच म्हणून समजा. मी तर म्हणतो काढलेल्या मालातनंच पहिला हप्ता द्या.

सीए_जालना

थांबा, त्या मालाचे पैसे परस्पर अडत्यांना देऊ नका, माल बँकेकडं हायपोथिकेट (तारण) आहे. विक्री सगळी सीसी खात्यातून फिरू द्या आणि अडत्यांचे पंधरवड्याचे हप्ते त्या महिनेवार कॅश फ्लोमध्येच लिहून बँकेला दाखवा. दुसऱ्या बँकेच्या करंट खात्यात एक जरी पार्टीचा चेक गेला आणि स्टॉक ऑडिटमध्ये सापडला तर फंड डायव्हर्जनचा (पैसे दुसरीकडं वळवल्याचा) शेरा येतो, मग कमिटी पहिल्या दोन वाटा सोडून थेट तिसरीवर, म्हणजे वसुलीवर जाते. चौघांच्या देण्याची यादी तारखेसकट करून तुमच्या सीएला द्या, टीईव्हीवाला येईल तेव्हा ती लागणारच आहे.